एपिडॉरसचं टेकडीवरचं प्राचीन नाट्यगृह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नाट्यगृह नेमकं कुठे आहे?

ग्रीसच्या पेलोपोनीस द्वीपकल्पात, आर्गोलिस प्रदेशात. अथेन्सहून रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर आणि नाफ्लिओ या बंदराच्या गावाहून तीसेक किलोमीटर. कीनोर्तिओन नावाच्या डोंगराच्या उतारावर ते बसवलं आहे आणि पायथ्याशी अ‍ॅस्क्लेपिओस या आरोग्यदेवाचं प्राचीन तीर्थक्षेत्र पसरलं आहे. आजच्या ग्रीक उच्चारात हे नाव ‘एपीदाव्रोस’ असं ऐकू येतं. रस्त्यावरच्या पाट्या आणि बसवाले हाच उच्चार वापरतात, तेवढं लक्षात ठेवावं.

देवाच्या दवाखान्यात नाट्यगृह कशासाठी?

अ‍ॅस्क्लेपिओसकडे रोगी लांबून येत. अंघोळ, नैवेद्य, उपास असे विधी करून ते एका खास इमारतीत रात्री झोपत आणि स्वप्नात देव येऊन उपाय सांगेल अशी वाट पाहत. या मुक्कामात उत्सव होते, मिरवणुका होत्या, स्पर्धा होत्या. दर चार वर्षांनी देवाचा मोठा महोत्सव भरे. त्यात धावणं आणि कुस्तीबरोबर गायन-पठणाच्या स्पर्धाही असत. प्लेटोच्या ‘इऑन’ या संवादाच्या सुरुवातीला इऑन हा पठणकार एपिडॉरसच्या उत्सवातली स्पर्धा जिंकूनच अथेन्सला आलेला आहे. म्हणजे हे दगडी नाट्यगृह उभं राहण्याआधीपासून इथे ऐकायला गर्दी जमत होती. ‘नाटक हे इथलं औषध होतं’ असं पर्यटनपत्रकांत सर्रास छापलेलं असतं. ते वाक्य सुरेख आहे, पण पुरावा उत्सवाचा आहे, औषधोपचाराचा नाही.

कोणी बांधलं आणि कधी?

इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इथे आलेला प्रवासी पॉसेनियस वास्तुकाराचं नाव पॉलिक्लेइटोस सांगतो. रोमन नाट्यगृहं थाटात पुढे आहेत आणि मेगालोपोलिसचं आकाराने मोठं आहे, पण प्रमाणबद्धता आणि सौंदर्य यांत पॉलिक्लेइटोसशी कोण बरोबरी करणार, असं त्याचं म्हणणं. याच पॉलिक्लेइटोसने तीर्थक्षेत्रातली ‘थोलोस’ ही गोल इमारतही बांधली, असं तो लिहितो.

इथे एक गल्लत नेहमी होते. भालाधारी तरुणाचा पुतळा घडवणारा प्रसिद्ध शिल्पकार पॉलिक्लेइटोस पाचव्या शतकातला, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं आधीचा. त्यामुळे नाट्यगृहाच्या कर्त्याला ‘धाकटा पॉलिक्लेइटोस’ म्हणतात.

टेकडीचा उतारच का निवडला?

खर्च हे पहिलं कारण. सपाट जमिनीवर हजारो माणसं एकामागे एक उंचावर बसवायची तर खाली कमानी, खांब, जाड भिंती रचाव्या लागतात. रोमनांनी पुढे तेच केलं, कारण त्यांच्याकडे काँक्रीट होतं. ग्रीकांनी हे वजन डोंगरावर टाकलं. उतार निसर्गाने दिलेला, फक्त त्याला आकार द्यायचा.

पण कुठलाही उतार चालत नाही. मध्ये खोलगट वळण हवं, म्हणजे तीन बाजूंनी माणसं बसवता येतात. फार तीव्र उतार असेल तर चढणं धोक्याचं, आणि सौम्य असेल तर पुढच्याचं डोकं आड येतं. एपिडॉरसचा चढ सुमारे २६ अंशांचा आहे. म्हणजे एक मीटर मागे गेलं की जवळपास अर्धा मीटर वर. तिसरी गोष्ट दिशेची. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस बजावतो की प्रेक्षागार दक्षिणाभिमुख ठेवू नका. वाटीसारख्या जागेत हवा कोंडते आणि तापते. एपिडॉरसचा प्रेक्षक उत्तरेच्या अंगाला तोंड करून बसतो, त्यामुळे ऊन पाठीकडून येतं. अथेन्सचं डायोनिसस या मद्य आणि नाट्याच्या देवाचं नाट्यगृह मात्र अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर आहे. तिथे देवाचं आवार आधीपासून होतं आणि जागा बदलण्याची सोय नव्हती.

भाग कोणकोणते आणि त्यांना काय म्हणतात?

तळाशी मध्यभागी ‘ऑर्केस्ट्रा’, म्हणजे कोरसने नाचायचं-गायचं गोल पटांगण. व्यास सुमारे २० मीटर, कडेने दगडी किनार, जमीन चोपलेल्या मातीची. बरोबर मध्यावर एक गोल दगड बसवलेला आहे. ती बहुधा वेदीची बैठक.

पटांगणाभोवती प्रेक्षकांच्या ओळी. या भागाला ‘थिआत्रोन’ किंवा ‘कोइलोन’ म्हणतात. ओळींच्या दोन पट्ट्यांमधून एक रुंद आडवी वाट जाते, तिचं नाव ‘डायझोमा’. उभे जिने ओळींना पाचरीच्या आकाराच्या भागांत विभागतात. प्रत्येक पाचर म्हणजे एक ‘केर्किस’. खालच्या पट्ट्यात १३ जिने आणि १२ पाचरी, वरच्या पट्ट्यात २३ जिने आणि २२ पाचरी. वर जाताना परीघ वाढतो, म्हणून जिन्यांची संख्या जवळपास दुप्पट केली. तसं केलं नसतं तर वरच्या ओळीत मधोमध बसलेल्याला बाहेर पडायला भलत्याच लांब आडव्या रांगेतून सगळ्यांचे गुडघे ओलांडत जावं लागलं असतं.

समोर ‘स्केने’, म्हणजे रंगमंचामागची इमारत. तिच्या पुढे अर्धस्तंभांची रांग असलेला ‘प्रोस्केनियन’. त्या स्तंभांच्या मधल्या जागेत रंगवलेल्या फळ्या बसवत. स्केने आणि प्रेक्षागार यांच्यामधून दोन्ही बाजूंनी आत येणाऱ्या वाटा म्हणजे ‘पारोडोस’. एपिडॉरसला या वाटांवर दगडी दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजाला दोन कप्पे. एकातून पटांगणात जाता येई, दुसऱ्यातून प्रोस्केनियनच्या छतावर चढणाऱ्या उतरणीवर.

दगडी आसनात काही खास रचना आहे का?

आहे, आणि बहुतेक लोक तिच्यावर बसूनही ती पाहत नाहीत. आसनाच्या वरच्या पृष्ठाचे दोन भाग केलेले दिसतात. पुढचा भाग बसण्यासाठी. मागचा किंचित खोल भाग मागच्या ओळीतल्या माणसाच्या पावलांसाठी, म्हणजे त्याची धूळ पुढच्याच्या कपड्यांना लागत नाही. आसनाची उभी बाजू खाली आत कोरलेली आहे. त्यामुळे टाचा मागे घेता येतात, आणि कोणी जायला निघालं तर पाय आखडून वाट देता येते.

पाठ टेकायला आधार असलेली मानाची आसनं अगदी पहिल्या ओळीत आणि डायझोमाच्या दोन्ही अंगांना आहेत. बाकीच्यांनी पाठ ताठ ठेवायची.

५५ ओळी एकाच वेळी बांधल्या का? आणि सुवर्णगुणोत्तराचं काय?

खाली ३४, वर २१, एकूण ५५. हे तिन्ही आकडे फिबोनाची मालिकेतले, म्हणजे जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते तिच्यातले, आणि ३४ भागिले २१ केलं की १.६१९ येतं, सुवर्णगुणोत्तराच्या, म्हणजे सौंदर्याचं प्रमाण मानल्या गेलेल्या १.६१८ च्या, अगदी जवळ. इतकं जुळून आलं की लेख लिहायचा मोह कोणालाही होईल. अडचण अशी की १९६० च्या सुमारास या वास्तूची बारकाईने मोजणी करणाऱ्या आर्मिन फॉन गेर्कान आणि वोल्फगांग म्युलर-वीनर या जर्मन वास्तुअभ्यासकांनी वरचा पट्टा नंतरचा ठरवला, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. आज बहुतेक संशोधक हे मानतात. मग मूळ आराखड्यात ३४ ओळीच होत्या, आणि गुणोत्तराची जुळणी दीडशेहून अधिक वर्षांनंतरच्या वाढीव कामातून आली. ज्यांना मूळ योजनाच ५५ ओळींची वाटते, असेही काही अभ्यासक आहेत. आमचा कल पहिल्या मताकडे आहे.

नेमकी किती माणसं बसत?

१३ ते १४ हजार हा नेहमीचा अंदाज. फक्त खालच्या पट्ट्यात सुमारे ६ हजार. वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे दिसतात, कारण आसनांवर माणसागणिक खुणा नाहीत. सगळ्या ओळींची लांबी जोडली की ती साधारण साडेसहा किलोमीटर भरते. माणशी ५० सेंटिमीटर धरले तर १३ हजार होतात. ४० सेंटिमीटर धरून दाटीवाटीने बसवले तर आकडा १६ हजारांवर जातो. म्हणून कुठलाही आकडा वाचताना माणशी जागा किती धरली आहे ते आधी पाहावं.

प्रेक्षागार अचूक वर्तुळाकार आहे का?

नाही. कौशल्य तिथेच आहे. मधल्या आठ पाचरींच्या ओळी एका केंद्रातून काढल्या आहेत. दोन्ही टोकांच्या दोन-दोन पाचरींसाठी वेगळी केंद्रं आणि थोडी मोठी त्रिज्या घेतली आहे. एकूण तीन केंद्रं झाली. परिणाम असा की टोकाच्या ओळी आत न वळता किंचित बाहेर उघडतात. तिथल्या प्रेक्षकांची तोंडं समोरच्या बाजूच्या प्रेक्षकांकडे न राहता रंगमंचाकडे वळतात. शिवाय पहिली ओळ आणि पटांगण यांच्यातली जागा टोकांकडे रुंदावते. गर्दी बाहेर पडते ती तिथूनच.

बांधणीचा क्रम काय असावा?

दगडांवरून आणि मातीच्या थरांवरून तो बराचसा वाचता येतो. आधी जागा साफ करून मध्यबिंदू ठरवायचा आणि दोरीने वर्तुळं आखायची. मग डोंगराचा खोलगट भाग हव्या त्या चढाचा होईपर्यंत छाटायचा. निघालेली माती-दगड दोन्ही बाजूंना भराव म्हणून वापरायचे, कारण मधला भाग डोंगरावर टेकतो पण टोकं डोंगराबाहेर येतात. तो भराव धरून ठेवायला पारोडोसच्या कडेने जाड आधारभिंती. मग पावसाचं पाणी वाहून जाण्याची वाट. त्यानंतर आसनं तळापासून वर लावत जायची.

क्रम उलटा चालत नाही. वरच्या ओळीचा पाया खालच्या ओळीच्या मागच्या कडेवर अवलंबून असतो, आणि खाली दोन सेंटिमीटरची चूक झाली तर ती ओळीगणिक वर सरकत जाते. व्हिट्रुव्हियसची कसोटी सोपी आहे: सर्वांत खालच्या आसनापासून सर्वांत वरच्या आसनापर्यंत दोरी ताणली तर ती प्रत्येक आसनाच्या कडेला टेकली पाहिजे. एखादं आसन वर आलं तर त्यामागच्यांची नजरही अडते आणि आवाजही.

दगड दोन प्रकारचे. आसनांना कठीण चुनखडी, काही ठिकाणी राखाडी आणि काही ठिकाणी तांबूस छटेची. स्केने आणि आधारभिंती यांना मुख्यतः ‘पोरस’, म्हणजे मऊ, सच्छिद्र चुनखडी. ती कापायला सोपी, पण झिजतेही लवकर.

अशा नाट्यगृहात सर्वांत आधी काय बिघडतं?

टोकं. मधल्या पाचरी मूळ डोंगरावर आहेत, त्या जागच्या हलत नाहीत. टोकाच्या पाचरी भरावावर. पावसाने भराव भिजला की फुगतो आणि आधारभिंतीला बाहेर ढकलतो. भिंत झुकली की भराव खचतो, आसनं तिरकी होतात, त्यांच्या सांध्यांत आणखी पाणी शिरतं. भूकंपात हेच एका झटक्यात होतं. एपिडॉरसलाही उत्खननानंतर डागडुजी सर्वाधिक करावी लागली ती टोकाच्या पाचरी, आधारभिंती आणि दरवाजे यांचीच.

पाण्याचा बंदोबस्त मूळ बांधकामातच आहे. ओळींवर पडलेला सगळा पाऊस उतरून पटांगणात येणार, म्हणून पहिली ओळ आणि पटांगणाची किनार यांच्यामध्ये सुमारे दोन मीटर रुंदीची फरसबंद पट्टी थोडी खोल ठेवली आहे. कोरड्या दिवशी ती चालायची वाट, पावसात ती गटार. तिथून पाणी बंदिस्त नाल्यांतून बाहेर जातं. ती तुंबली तर मातीचं पटांगण चिखल होईल.

टाचणी पडली तरी शेवटच्या ओळीत ऐकू येते, हे खरं का?

अर्धवट. मार्गदर्शक मधल्या दगडावर उभं राहून नाणं टाकतात, कागद फाडतात, काडी पेटवतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाच्या चमूने इथे हजारो मोजमापं घेतली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. नाण्याचा किंवा कागदाचा आवाज सगळीकडे जाणवू शकतो, पण तो नाण्याचा आहे की कागदाचा हे साधारण अर्ध्या ओळींपर्यंतच ओळखता येतं. कुजबुज पुढच्या ओळींपलीकडे समजत नाही. खणखणीत आवाजात बोललेले शब्द मात्र वरपर्यंत पोचतात.

आणि हेच मोठं आश्चर्य आहे. शेवटची ओळ पटांगणाच्या मध्यापासून जवळपास ६० मीटर लांब आणि सुमारे २२ मीटर उंच. मायक्रोफोनशिवाय तिथे वाक्य कळणं ही साधी गोष्ट नाही.

मग आवाज पोचतो तो कशामुळे?

चार-पाच गोष्टी मिळून. चढामुळे नट आणि प्रत्येक प्रेक्षक यांच्यामध्ये कोणाचं डोकं येत नाही, आवाज थेट जातो. कडक पटांगणावरून आणि, ती उभी होती तेव्हा, मागच्या स्केनेवरून परावर्तित झालेला आवाज थेट आवाजाच्या पाठोपाठ पोचतो आणि त्याला बळ देतो. छप्पर नाही, म्हणून घुमारा नाही. शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. डोंगराळ, वस्तीपासून दूर जागा, म्हणून आसपास गोंगाट कमी.

पाचवं कारण २००७ मध्ये जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या निको डेक्लेर्क आणि सिंडी डेकेसर यांनी मांडलं. आसनांच्या ओळी म्हणजे ठरावीक अंतरावर येणारे खाच-उंचवटे, आणि अशी पृष्ठं ध्वनी गाळतात. साधारण ५०० हर्ट्झच्या खालचे आवाज, म्हणजे पानांची सळसळ आणि गर्दीची कुजबुज, दबतात. वरचे आवाज परत फेकले जातात. माणसाच्या आवाजातलाही खालचा भाग त्यात जातो, पण वरच्या स्वरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो. बांधणाऱ्यांना हे सिद्धांत माहीत असण्याची गरज नव्हती. लाकडी बाकांऐवजी दगडी आसनं घातली आणि फरक कानांना कळला, एवढं पुरे.

मधल्या दगडावर उभं राहून बोललं की स्वतःचा आवाज कानाशी परत येतो, कारण मधल्या पाचरींचं केंद्र जवळपास तेच आहे. उत्तम ऐकू येण्याची ती खूण नव्हे. नट तिथून एक पाऊल बाजूला सरकले तरी चालतं, बऱ्याचदा सरकतातच.

व्हिट्रुव्हियसने आसनांखाली ठेवायच्या सुरेल कांस्याच्या भांड्यांबद्दल लिहिलं आहे. एपिडॉरसच्या आसनांत तशा भांड्यांचे कोनाडे नाहीत.

सोफोक्लीस, युरिपिडीस यांची नाटकं पहिल्यांदा इथेच झाली का?

नाही. अथेन्सचे हे दोघेही नाटककार इ.स.पू. ४०६ च्या आसपास वारले. हे नाट्यगृह त्यानंतरचं. त्यांची नाटकं झाली ती मुख्यतः अथेन्समध्ये, डायोनिससच्या वसंतोत्सवातल्या स्पर्धेत. त्या काळी तिथे लाकडी बाकं होती. दगडी नाट्यगृह चौथ्या शतकात, अथेन्सचा राजकारणी लायकर्गस याच्या कारकिर्दीत पूर्ण झालं. पटांगण गोल होतं हेही गृहीत धरू नये. अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातल्या थोरिकोस इथल्या जुन्या नाट्यगृहाचं पटांगण चौकोनाकडे झुकणारं आहे. एपिडॉरसचं सुबक वर्तुळ ही परंपरेच्या शेवटच्या टप्प्यावरची परिपक्व रचना आहे, सुरुवातीची नव्हे.

इतकं चांगलं टिकलं कसं?

दोन कारणं. एक, रोमन काळात इथे मोठे बदल झाले नाहीत. अथेन्ससह बहुतेक ठिकाणी रोमनांनी पटांगण अर्धवर्तुळ केलं, रंगमंच पुढे आणला. इ.स.पू. ८६ मध्ये सेनापती सुल्लाने तीर्थक्षेत्राचा खजिना लुटला, पण नाट्यगृहाचं वर्तुळ शाबूत राहिलं. दोन, ख्रिस्ती काळात देवस्थान बंद पडल्यावर डोंगरावरून वाहून आलेल्या मातीने आसनं झाकली. झाकलेला दगड कोणी उचलून नेत नाही. स्केने मात्र उघड्यावर होती, तिचे दगड गेले. आज तिचा पाया आणि थोडे अवशेषच दिसतात.

१८८१ मध्ये पानागिस काव्हादिआस यांनी अथेन्सच्या पुरातत्त्व सोसायटीतर्फे उत्खनन सुरू केलं. विसाव्या शतकाच्या मध्यात अनास्तासिओस ऑर्लांदोस यांच्या देखरेखीखाली मोठी दुरुस्ती झाली. १९८८ पासून हे तीर्थक्षेत्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आपल्याकडच्या प्राचीन नाट्यगृहांशी तुलना होते का?

होते, पण विरोधातून. भरताच्या नाट्यशास्त्रात माणसांसाठी योग्य म्हणून सांगितलेला मंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, म्हणजे अंदाजे २९ बाय १४.५ मीटर, त्यातही निम्मी जागा रंगभूमी आणि नेपथ्यगृह, म्हणजे नटांची तयारीची खोली, यांची. याहून मोठं करू नका, आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं कारण तिथेच दिलं आहे. एपिडॉरसच्या शेवटच्या ओळीतून नटाचा चेहरा बोटाच्या नखाहून लहान दिसतो. म्हणून तिथे मुखवटा, मोठे हावभाव, समूहगान. दृष्टीचा सूक्ष्म अभिनय हा लहान, बंदिस्त मंडपाचाच धर्म.

आज तिथे नाटक पाहता येतं का?

हो. १९३८ मध्ये दिमित्रिस रोंदिरिस यांनी सोफोक्लीसचं ‘इलेक्ट्रा’ इथे बसवलं. १९५५ पासून उन्हाळी महोत्सव नियमित भरतो. ऑपेरा गायिका मारिया कॅलासने १९६० मध्ये ‘नॉर्मा’ आणि १९६१ मध्ये ‘मेदेआ’ इथे गायली. ‘नॉर्मा’चा पहिला ठरलेला प्रयोग पावसाने बुडवला होता.

प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये, सहसा शुक्रवारी आणि शनिवारी रात्री असतात. तिकीट काढताना ‘लहान नाट्यगृह’ असं तर लिहिलेलं नाही ना, ते तपासावं. ते समुद्रकाठच्या जुन्या एपिडॉरस गावात आहे, इथून बऱ्याच किलोमीटरवर; चुकीच्या ठिकाणी पोचणारे दरवर्षी असतात. बसायला उशी न्यावी. उंच टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, दगड फुटतो. पाण्याशिवाय खाणंपिणं नेऊ देत नाहीत. वरच्या पट्ट्यात जागा असेल तर अर्धा तास आधी पोचा, आणि गुडघे दुखत असतील तर खालच्या पट्ट्याचं तिकीट काढा. जिन्यांना कठडे नाहीत आणि खेळ सुटल्यावर उतरणं अंधारात होतं.

दिवसा नुसतं पाहायचं असेल तर सकाळी दार उघडताच जावं; सहलींच्या बस येण्याआधी पटांगण रिकामं मिळतं. हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर आर्गोसचं नाट्यगृह पाहा. तिथल्या मधल्या ओळी रचलेल्या नाहीत, थेट डोंगराच्या खडकात कोरलेल्या आहेत, आणि नाफ्लिओहून ते जेमतेम बारा किलोमीटरवर आहे.